किल्ल्यांची दोरी

रामाच्या वनवासाचं नियोजन सोनुने सरांकडे असतं, तर तो साडेतेरा वर्षांत उरकला असता. उरलेले सहा महिने सरांनी 'राखीव' म्हणून बाजूला ठेवले असते, आणि निघण्यापूर्वी लक्ष्मणाकडून रक्तगट लिहून घेतला असता.

मी हे हवेत बोलत नाही. सरांच्या हाताखाली मी वनवासाइतक्याच, म्हणजे आमच्या शाळेच्या स्टाफच्या चौदा सहली केल्या. चौदाही एकाच ठिकाणी: घुमरीची धार. बुलडाण्याहून गाडीनं तासभर जावं, तर पठार एकाएकी संपतं, कोणीतरी भाकरीचा तुकडा मोडावा तसं. त्या तुटक्या काठावरून नाला उडी टाकतो आणि खाली डोहात पडतो. वर गाडी लावायची, दोनशे पायऱ्या उतरायच्या, भिजायचं, डबे खायचे, दिवेलागणीला घरी. दोन शहाण्या माणसांना पानटपरीवर उभ्या उभ्या ठरवता येईल एवढी ही सहल. तिच्यासाठी सर जूनमध्ये शाळा उघडली की पहिली बैठक बोलावत आणि श्रावणापर्यंत नऊ बैठका घेत. आमच्या जानेफळला दोन भावकींचा बांधाचा तंटा याहून कमी बैठकांत मिटला आहे, आणि त्यात कुऱ्हाडी निघाल्या होत्या.

सर भूगोल शिकवायचे. वर्गात नकाशा टांगायला त्यांना स्टूल लागत नसे. आवाज असा, की सरांनी दुसऱ्या मजल्यावर 'गप' म्हटलं तर रस्त्यावरची एसटी थांबायची आणि कंडक्टर खाली उतरून विचारायचा, काय चुकलं म्हणून. पण सहलीच्या बैठकीत हा आवाज एकदम खाली यायचा. मयताच्या घरी बोलतात तसं बोलायचे. एक एक कागद पुढे सरकवायचे. नाव, रक्तगट, घरचा फोन, पोहता येतं की नाही आणि शेवटचा रकाना, त्या दिवशी घालणार त्या कपड्यांचा रंग.

या रकान्यावरून एकदा बोंब झाली. गणिताच्या देशमुख मॅडम म्हणाल्या, "सर, आमच्या साडीचा रंग तुम्हाला कशाला पाहिजे?"

"फिक्कट घालू नका मॅडम. पिवळा, लाल, असा घाला."

"काऊन पण?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "गढूळ पान्यात शोधाले बरं पडते."

त्या वर्षी देशमुख मॅडम झेंडूच्या ढिगासारख्या पिवळ्या होऊन आल्या, आणि दिवसभर डोहापासून पन्नास फुटांवर बसून राहिल्या.

तरी गंमत ऐका. चौदा सहलींत सरांनी घुमरी खालून कधी पाहिली नाही. वर काठाजवळ एक सपाट खडक आहे, त्यावर ते धारेकडे पाठ करून बसायचे. तोंड पठाराकडे, मांडीवर स्टीलचं ताट, हातात पळी. आम्ही खाली नाचतोय, मुख्याध्यापक इंगळे साहेब बनियनवर शंकरासारखे धारेखाली उभे आहेत, आणि सर वर बसून आभाळाकडे आणि शेतांकडे पाहतायत. आपल्या डोक्यावर ऊन असलं म्हणून भागत नाही, ते म्हणायचे. पाणी वर दहा कोसांवर पडतं आणि मग न सांगता येतं. तिकडे नाल्याकाठी त्यांनी नामदेव नावाचा एक शेतकरी धरून ठेवला होता. अर्ध्या अर्ध्या तासानं त्याला फोन.

"नाला?"

"घोट्याएवढा."

"रंग?"

"पांढराच हाय सर. जेवू द्या ना आता."

"जेव. पन नाल्याकडं तोंड करून जेव."

ताट वाजलं की खालच्या माणसानं हातातलं सोडून वर यायचं, हा नियम. घास तोंडात असला तर घास घेऊन.

आणि दोरी. सरांचं खरं नाव तालुक्यात त्या दोरीनं झालं. पिवळी नायलॉनची दोरी, तिला सरांच्या मिसेसनी, आमच्या काकूंनी, पडद्याचे हुक शिवलेले, प्रत्येक हुकाला नंबर. पायऱ्या उतरण्याआधी प्रत्येकानं आपल्या घराची किल्ली सरांच्या हातात द्यायची. सर ती ज्याच्या त्याच्या नंबरच्या हुकाला अडकवणार आणि दोरी गळ्यात घालणार. वर आलं की ज्याची त्यानं घ्यायची. नवऱ्याची बायकोला नाही, मित्राची मित्राला नाही. हुकावर एक जरी किल्ली राहिली तर खाली एक माणूस राहिला आहे, असा अर्थ.

"गाडी हालनार नाही," सर म्हणायचे. रागानं नाही. सातबाऱ्यावरची नोंद वाचावी तसं.

आमचा शिपाई तळेकर एकत्र कुटुंबातला. त्याच्या घराला तीन पिढ्यांत कुलूप लागलेलं नव्हतं, कारण घर कधी रिकामंच होत नसे. तो म्हणाला, "सर, माह्यापाशी किल्लीच नाई." सरांनी त्याला कुलूप विकत घ्यायला लावलं. तळेकर ते कुलूप कशालाच लावत नसे. वर्षभर ते देवळीत पडून असायचं, आणि श्रावणात त्याची किल्ली तेवढी सहलीला यायची.

आम्ही हसायचो. किल्ल्या गळ्यात घालून बसलेले सर दुरून मुंज्यासारखे दिसायचे. वाऱ्यानं त्या वाजायच्या. पण हसता हसता नजर दोरीच्या टोकाला जायची आणि तोंड मिटायचं. टोकाशी, हुकाला नाही तर गाठ मारून, एक जुनी किल्ली बांधलेली असायची. सगळ्यांच्या किल्ल्या परत गेल्या, गाडी सुरू झाली, सर ड्रायव्हरशेजारी बसले, तरी ती तिथंच असायची. नवी माणसं विचारायची, ही कोणाची? जुनी माणसं खिडकीबाहेर बघायची.

दोरी आणि ताट एकदा कामाला आली, ती मी डोळ्यांनी पाहिली. त्या दिवशी ऊन असं, की खडकावर पापड भाजावा. दुपारी दीडला वर ताट वाजलं. इंगळे साहेब डोक्याला साबण लावून उभे होते. ते म्हणाले, "या सोनुन्याले कोनी समजवा रे." पण पाय पायऱ्यांकडे निघाले होते. आम्ही सगळे वर आलो. धापा टाकत एकेकानं किल्ली घेतली. सतरा नंबरची राहिली. संगीताच्या नव्या मॅडम.

"गाडी हालनार नाही," सर म्हणाले आणि पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे होतो. खालची पायरी त्यांना उतरवेना आणि वरची सोडवेना. तेवढ्यात मॅडम गाडीमागून कणीस खात आल्या. त्या केव्हाच वर आल्या होत्या, किल्ली मागायची राहिली होती.

सरांनी सतरा नंबरची किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली. बराच वेळ धरून ठेवली. मॅडमचं कणीस खाली पडलं.

आता मी सांगतो ते माझ्या इतर गोष्टींसारखं धरू नका. घुमरी नाव पडलं ते आवाजावरून. रिकाम्या रांजणात कोणी तोंड घालून हुंकार द्यावा तशी ती अखंड घुमते. पण मोठं पाणी यायच्या आधी ती थांबते. क्षणभरच. श्वास आत घेतल्यासारखी. त्या दिवशी ती थांबली, झाडावरचे पक्षी थांबले, नव्या मॅडम रडता रडता थांबल्या. मग काठावरून तांबडं पाणी आलं, आणि पाण्यात अख्खी बाभूळ आली, मुळांसकट, उभीच्या उभी, कोणी चालत यावं तशी. ती खाली गेली. इंगळे साहेबांच्या डोक्यावरचा साबण तसाच वाळला.

तो थांबलेला श्वास मी त्याआधीही एकदा ऐकला होता. तेव्हा दोरी नव्हती.

तेव्हा हजेरी होती. माझी ती तिसरी सहल. सर शाळेतलं मस्टर सोबत आणायचे आणि निघताना गाडीच्या दारात उभे राहून नावं वाचायचे. आता आमच्या शाळेतल्या हजेरीची रीत सांगायला हवी. बैठकीला कोणी नसलं तर शेजारच्यानं त्याच्या नावाला 'हजर' म्हणायचं, हा आमच्यात सभ्यपणा होता. कोणाची म्हैस व्याली, कोणाचा साला आला, माणसाला अडचणी असतात. सरांना हे कळत नव्हतं असं नाही. तेही मिशीत हसायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. एकाच्या तोंडून चौघे हजर झालेले मी पाहिले आहेत. मस्टर दुसऱ्याच्या हातात असताना स्वतः सरही एकदा असेच हजर झाले होते, जेव्हा ते मेहकरला पुतण्याच्या साखरपुड्यात पंगतीला बसले होते.

मोहन तायडे माझ्याच वयाचा, चित्रकलेचा मास्तर. उंद्रीचा. पायात नेहमी नव्या वहाणा, खिशात कंगवा. लग्नाला वर्ष झालेलं, बायको माहेरी रोहिणखेडला. घुमरीच्या डोहापासून नाल्याकाठानं एक पायवाट खाली उतरते. ती धरली की दोन-तीन तासांत रोहिणखेडच्या जुन्या मशिदीचा घुमट दिसायला लागतो. गाडीनं जायचं तर अर्धा जिल्हा फिरून जावं लागतं.

दुपारी पाऊस आला. आम्ही पळत वर आलो, गाडीत चढलो. सगळे ओले, काचा वाफेनं भरलेल्या, कोण कुठे बसलं ते दिसत नव्हतं. एका सीटवर मोहनची पिशवी होती. सर दारात उभे राहून वाचत होते, पाणी त्यांच्या मस्टरवर पडत होतं.

"तायडे मोहन."

मागून आवाज आला, "हजर."

सरांनी टिक केली. म्हणाले, "हालू द्या गाडी."

गाडी वळली आणि घुमरी थांबली. क्षणभर. मला वाटलं इंजिनाच्या आवाजानं ऐकू येत नसेल.

मोहन रोहिणखेडला पोहोचला नाही. तिकडे तो येणार हे कोणाला माहीत नव्हतं, बायकोला अचानक जाऊन दचकवायचं होतं त्याला. इकडे सोमवारी तो शाळेत आला नाही, तेव्हा ज्याला माहीत होतं त्याला वाटलं, सासुरवाडीचं पुरण मानवलेलं दिसतं. मंगळवारी शाळेत फोन वाजला. त्याची बायको विचारत होती, हे फोन का उचलत नाहीत. त्याच दिवशी खालच्या बंधाऱ्यात तो सापडला. अंगात राखाडी शर्ट होता. गढूळ पाण्यात जवळून जाणाऱ्यांनाही दोन दिवस दिसला नव्हता.

चौकशी झाली. सरांना विचारलं, हजेरी घेतली होती का. ते म्हणाले, घेतली. मग हा हजर कसा? सर म्हणाले, "मले ऐकू आलं, म्या टिक केली. चूक माही." कोण बोललं असेल? "पाऊस होता. मले आवाज वळखू आला नाही." वीस वर्षं पोरांचे आवाज ऐकलेला माणूस. तोंड फळ्याकडे ठेवून, मागच्या बाकावर कोण खोकलं ते नावानिशी सांगणारा माणूस. त्यांची एक वेतनवाढ थांबली. मोहनची पिशवी घरच्यांनी नेली. पिशवीत भाड्याच्या खोलीची किल्ली होती, ती कोणी मागितली नाही, कारण खोलीचं कुलूप तोवर तोडून झालं होतं. ती सरांकडे राहिली.

पुढच्या वर्षी सहल नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी तरुण मंडळी आपापल्या मोटारसायकलींनी जायचं ठरवत होती, तेव्हा सर स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. हातात पिवळी दोरी. म्हणाले, "तुमी जानारच. मंग माह्या दोरीनं जा."

चार वर्षांपूर्वी सर निवृत्त झाले. दोरीही निवृत्त झाली. यंदा विज्ञानाच्या शेळके मॅडमनी सहल काढली. सगळं नियोजन मोबाइलवर, अकरा मिनिटांत, त्यातली चार मिनिटं भज्यांवर. मी म्हणालो, खाली कोण राहिलं ते कसं कळणार? "सर, सगळे लोकेशन शेअर करतील ना." मी म्हणालो, डोहात रेंज नाही. त्यांनी मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मग आणा तुमची ती दोरी. रविवारी सकाळी सातला गाडी आहे."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी सरांकडे गेलो. काकूंनी दार उघडलं. "या. आज बरे हायेत. सकायी मले वळखलं."

सर खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. पाठ टीव्हीकडे, तोंड बाहेर. उंची तशीच, पण अंगातलं माणूस कोणी काढून नेलेलं. गळ्यात दोरी होती. मला पाहून त्यांनी हात पुढे केला.

"किल्ली."

मी दिली. बोटांनी चाचपत त्यांनी बरोबर चार नंबरचा हुक शोधला. तो माझाच. मग खुर्चीखालून एक वही काढली.

"रोजचं हाय हे," काकू हळूच म्हणाल्या. "हजेरी घेतात. म्या म्हनत जाते सगळ्यायचं हजर. तवा जेवतात."

"इंगळे," सर म्हणाले. इंगळे साहेबांना जाऊन तीन वर्षं झाली.

"हजर," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. तिकडे कुकर होत होता.

"देशमुख."

"हजर."

"तळेकर."

"हजर." मग भांडं ठेवल्याचा आवाज. माझं नाव आलं, ते मी स्वतः म्हणालो. सरांनी टिक केली. टिक अजून तशीच, भाल्यासारखी.

"तायडे मोहन."

स्वयंपाकघर गप्प. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "या नावाले माहा आवाज चालत नाही त्यायले," त्या पुटपुटल्या. "अर्धा अर्धा तास बसून राह्यतात. तुमी म्हना ना हजर. चहा तरी घेतील."

सर वहीतून डोकं वर काढून माझ्याकडे पाहत होते. अकरा सहलींत किल्ली देताना-घेताना त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. खालच्या डोहाशी मोहन म्हणाला होता, "मी असाच खालून रोहिणखेडले जाऊन राह्यलो. सरले सांगू नको बे, अर्धा तास भूगोल शिकवतील. माही पिशवी घे, आन् हजर म्हनून दे." कंगवा काढून त्यानं ओले केस विंचरले होते. मी हसून म्हणालो होतो, जा. पिशवी मी सीटवर ठेवली होती. आवाज मी थोडा जाड केला होता.

काकू हातानं खुणावत होत्या, म्हणा. एक शब्द. मी आयुष्यात हत्तीएवढ्या थापा मारल्या आहेत, त्यात हा मुंगीएवढा.

"सर," मी म्हणालो, "मोहन नाही आलेला. त्या दिवशीही नव्हता. हजर मी म्हणालो होतो."

काकूंचा हात तसाच राहिला. कुकरची शिट्टी झाली आणि कोणी उठलं नाही.

सरांनी पेन उचललं. तायड्यांच्या नावापुढे सावकाश 'गै' लिहिलं, वर्गात मुलांच्या नावापुढे लिहायचे तसं, आणि त्याभोवती गोल केला. वही मिटली. दोरीच्या टोकाची जुनी किल्ली त्यांनी मुठीत धरली आणि तोंड पुन्हा खिडकीकडे केलं. घाटाच्या अंगाला आभाळ भरून येत होतं.

"मंग थांबा," ते म्हणाले. "एक खाली हाय. गाडी हालनार नाही."

काकूंनी चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली. माझी किल्ली चार नंबरच्या हुकावर होती, मी मागितली नाही. बऱ्याच वेळानं खिशातला फोन वाजला. शेळके मॅडम होत्या.

"सर, मिळाली का दोरी?"

"नाही," मी म्हणालो. "अजून एक जण वर यायचा आहे."